ऑटोमॅटिक गाडीचा गिअर घसरत पडतोय? 'कडक शिफ्ट' करून घ्यायच्या आधी हे वाचा

दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी म्हटलं की ती डॉक्टरांच्या नाहीतर बिल्डरच्या दारात दिसायची. आता तसं राहिलं नाही. पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षं फिरलेली ऑटोमॅटिक एसयूव्ही जुन्या बाजारातून थेट गावात येते. पहिले सहा महिने मालक खूश असतो. डावा पाय मोकळा, घाटात क्लच दाबायची कटकट नाही. मग हळूहळू एक तक्रार सुरू होते. "अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. आणि जरा वेळाने गिअर पडतो."

अशा वेळी आपण मोबाईल उघडतो. तिथे अमेरिकेतला कुणीतरी गिअरबॉक्सचं पोट उघडून चार स्प्रिंगा बदलतो आणि गाडीचा गिअर खाडकन पडायला लागतो. त्याला 'शिफ्ट किट' म्हणतात. मग प्रश्न येतो, हे आपल्या गाडीत बसतं का, आणि बसवावं का?

थोडक्यात सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तसं किट बसवायला जागाच नाही. पण ढिला पडलेला गिअर पुन्हा नीट, घट्ट पडायला लावता येतो, आणि बऱ्याच वेळा ते काम काही हजारांत होतं. उशीर केला तर तेच काम लाखाच्या वर जातं. म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

आधी गाडीची जात ओळखा

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगवेगळ्या मशिनी विकल्या जातात. गॅरेजवाल्याने एकीचा इलाज दुसरीला केला की गाडी गेली म्हणून समजा.

पहिली एएमटी. २०१४ साली मारुती सेलेरिओत आली आणि तिथून स्वस्त गाड्यांत पसरली. ही मुळात साधी, हाताने गिअर टाकायचीच गाडी. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाहाताऐवजी एक छोटं यंत्र करतं. ओळख सोपी आहे. बहुतेक एएमटीच्या दांड्यावर 'पी' हे अक्षर नसतं, आर, एन, डी आणि एम एवढंच असतं. हिच्यात गिअर पडताना माणूस पुढे डुलतो, तो दोष नाही, स्वभाव आहे. गिअर पडायच्या क्षणी पाय किंचित हलका केला की झटका निम्मा होतो. इंजिन ओरडून गाडी ओढत नसेल, तर साध्या गाडीसारखीच हिची क्लच प्लेट झिजली असणार. प्लेट बदलून स्कॅनरने क्लचचं नवीन माप यंत्राला शिकवावं लागतं. ही शेवटची पायरी गाळली तर नवीन प्लेट टाकूनही गाडी उड्या मारते.

दुसरी सीव्हीटी. होंडा सिटी, अमेझ, जुनी बलेनो यांत मिळते. हिच्यात गिअरच नसतात, दोन पुल्या आणि मधे पट्टा किंवा साखळी. त्यामुळे कडक करायचं म्हटलं तरी करणार काय? हिला तिचं स्वतःचं वेगळं ऑईल लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची. गिअर झटपट पडतो, पण हिच्या कोरड्या क्लचच्या जातीला गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकणं सोसत नाही, ती तापते.

चौथी टॉर्क कन्व्हर्टर. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ५०० आणि ७००, स्कॉर्पिओ-एन, डिझेल क्रेटा, ऑटोमॅटिक एर्टिगा, सगळ्या याच घरातल्या. 'कडक शिफ्ट'ची खरी गोष्ट हिची आहे, त्यामुळे पुढचं सगळं हिच्याबद्दल.

गिअर मऊ का पडतो?

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. अर्धा क्लच दाबून भरलेली ट्रॉली ओढली तर काय होतं? प्लेट घसरते, तापते, वास येतो आणि काही दिवसांत जळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अशा प्लेटांचे चार-पाच गठ्ठे असतात. एक प्लेट लोखंडी, एक कागदासारखा थर चिकटवलेली, पुन्हा लोखंडी, अशी चळत. सगळी चळत तेलात बुडालेली. तेलाचा दाब आला की चळत आवळली जाते आणि तो गिअर लागतो. दुसऱ्यावरून तिसरा पडताना एक गठ्ठा सुटतो आणि त्याच वेळी दुसरा आवळतो.

आता हा दाब एकदम दिला तर गाडी खाडकन धक्का मारेल. मागच्या सीटवरच्या आजीच्या मांडीवरचा डबा खाली. म्हणून कंपनी दाब हळू चढवते. अपुरा दाब असतो त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात प्लेटा एकमेकींवर घसरतात. हे घसरणं म्हणजे उष्णता. गाडी नवीन असताना ते मापात असतं. तेल जुनं झालं, प्लेटा झिजल्या, दाब कुठेतरी गळायला लागला की घसरणं वाढतं. तुम्हाला जो 'मऊ' गिअर वाटतो, तो प्रत्येक वेळी थोडी थोडी प्लेट खात असतो.

म्हणून गिअर घट्ट पडणं हा निव्वळ पोरांचा शौक नाही. त्याच्यामागे गिअरबॉक्सच्या आयुष्याचा हिशेब आहे. मात्र त्याने गाडीची ताकद वाढत नाही. तसं सांगणारा एकतर स्वतः फसलाय किंवा तुम्हाला फसवतोय.

अमेरिकेतलं शिफ्ट किट म्हणजे नेमकं काय

ऑटोमॅटिक गाड्यांचं माहेर अमेरिका. जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' दिला. मोठ्या संख्येने विकला गेलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिथल्या घरगुती गिऱ्हाईकाला धक्का नको होता, म्हणून कंपन्यांनी गिअर लोण्यासारखे केले. पण शर्यतीवाल्यांना आणि जड ट्रेलर ओढणाऱ्यांना ते परवडेना. त्यांच्यासाठी छोटे कारखाने किट बनवू लागले.

एक नमुना पाहू. १९८२ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने '७०० आर ४' नावाचा चार गिअरचा बॉक्स आणला. शेवरलेच्या पिकअपपासून कॉर्व्हेटपर्यंत तो लागला. पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, तिसरा एकास एक आणि चौथा ०.७०. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर बघा केवढं आहे. जड गाडीत तिथे घसरण व्हायची. तिसऱ्या-चौथ्याचा क्लचचा गठ्ठा तर लवकर जळण्यासाठीच बदनाम.

त्यावर मिस्त्री लोकांनी काढलेले उपाय आपल्या शेतातल्या अनुभवाने समजतात. या बॉक्समध्ये दुसरा गिअर लागताना एक पट्टा आवळला जातो आणि त्याला एक पिस्टन ढकलतो. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा सिलिंडर जाड असेल तर तेवढ्याच दाबावर जास्त वजन उचलतो ना? तसंच इथे. कॉर्व्हेट गाडीतला मोठा पिस्टन साध्या पिकअपमध्ये टाकला की पट्टा जोरात आवळतो आणि दुसरा गिअर ठणकावून पडतो. तिथे आजही हा भाग 'कॉर्व्हेट सर्व्हो' याच नावाने मागतात.

दुसरा उपाय भोकांचा. गिअरबॉक्सच्या तळाला व्हॉल्व्ह बॉडी असते. ठिबकच्या हेडवरून कोणत्या वावराला पाणी सोडायचं ते जसं ठरतं, तसं कोणत्या गठ्ठ्याला तेल सोडायचं ते इथे ठरतं. तिच्यात एक पातळ पत्रा असतो आणि त्याला बारीक भोकं. भोक जरा मोठं केलं की तेल लवकर भरतं आणि प्लेटा लवकर आवळतात. किटमध्ये त्या पत्र्याचा नवा नमुना किंवा मापाचे ड्रिल बिट, जाड स्प्रिंगा आणि लहान गोळ्या येतात. तिसरा उपाय अ‍ॅक्युम्युलेटरचा. हा स्प्रिंगवरचा पिस्टन दाबाचा पहिला धक्का स्वतः पचवतो. त्याची स्प्रिंग कडक केली की तो कमी पचवतो.

एक गोष्ट मात्र त्या बॉक्सने सगळ्यांना शिकवली. अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जायची. पाय किती दाबलाय ते तिच्यावरून बॉक्सला कळायचं आणि तेवढा तेलाचा दाब वाढायचा. ही केबल ढिली राहिली तर वरून कितीही महाग किट टाकलं तरी प्लेटा जळायच्या. मूळ जुळणी चुकलेली असेल तर वरच्या सुधारणेला काही अर्थ राहत नाही. पुढे १९९३ पासून त्याच घराण्यातला इलेक्ट्रॉनिक बॉक्स आला आणि ती केबल गेली.

कडक करण्यालाही हद्द आहे. दाब फार वाढवला तर प्लेटा वाचतात, पण धक्का पुढे सरकतो आणि शाफ्टला, जॉइंटला, इंजिनच्या माउंटिंगला बसतो. घरच्या गाडीसाठी 'कळेल पण दचकवणार नाही' एवढंच पुरे.

मग आपल्या गाडीत काय करायचं?

आपल्या सध्याच्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत दाब किती द्यायचा हे संगणक ठरवतो. सोलेनॉइड नावाचे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह त्याचं ऐकतात. हा संगणक प्लेटांच्या झिजेनुसार आपला अंदाज बदलत राहतो. तुम्ही आत स्प्रिंग कडक केली तर तो "अरे, गिअर लवकर पडतोय" म्हणून दाब कमी करायला बघतो. म्हणजे स्प्रिंगची आणि संगणकाची कुस्ती सुरू. म्हणूनच किटचा नाद इथे सोडलेला बरा.

सुरुवात करा तेलापासून. गिअरबॉक्सचं ऑईल तीन कामं करतं. ताकद पोहोचवतं, प्लेटा आवळतं आणि थंडही ठेवतं. इंजिन ऑईल बदलायला आपण विसरत नाही, पण गिअरबॉक्सचं ऑईल "लाईफटाईम आहे हो" म्हणून दोन लाख किलोमीटर तसंच फिरवतो. कंपनीच्या पुस्तकात बारीक अक्षरात वाचा. धूळ, घाट, ओढायचं वजन अशा कडक वापरासाठी बऱ्याच पुस्तकांत वेगळं कोष्टक असतं. आपला रस्ता, आपली धूळ आणि लग्नसराईत सात सीटच्या गाडीत बसणारी दहा माणसं बघता आपण सगळे त्या कोष्टकातच बसतो. चांगले मिस्त्री साठ ते ऐंशी हजार किलोमीटरला बदला म्हणतात, आणि ते मला पटतं.

तेल बघायचं कसं? बऱ्याच नव्या गाड्यांत काठीच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर खालचा बोल्ट उघडून पातळी पाहतात. हे काम लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्याकडेच करा. थंड गाडीत अंदाजाने ओतलेलं तेल कमी पडतं नाहीतर जास्त होतं. जास्त झालं तर त्याला फेस येतो, आणि फेसाला दाब धरत नाही.

रंग आणि वास मात्र कुणालाही कळतो. नवं तेल बहुतेक लालसर असतं. तपकिरी झालं म्हणजे वय झालं. काळं झालं आणि करपल्याचा वास आला म्हणजे प्लेटा जळायला लागल्या. तळाच्या ट्रेमध्ये लोहचुंबक असतो, त्याच्यावर करड्या रंगाचा मऊ गाळ दिसला तर घाबरू नका, पण चमकणारे तुकडे दिसले तर थांबा. आणि तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी झालं असेल तर त्याच्यात पाणी गेलंय. एक तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय किंवा गाडी ओढ्याच्या पुरातून काढलीय. पाण्याने प्लेटांवरच्या थराचा डिंक सुटतो. अशी गाडी घरापर्यंतही चालवू नका.

आता तेल कोणतं? पुस्तकात लिहिलेलंच. टोयोटाच्या अनेक गाड्यांना 'डब्ल्यूएस' लागतं, दुसऱ्या कंपन्यांचं आणखी वेगळं. आमच्या ओळखीतल्या एकाच्या गाडीत गॅरेजवाल्याने "सगळं ऑईल सारखंच" म्हणत भलतंच तेल भरलं. आठवडाभरात चाळीसच्या वेगाला गाडी अशी थरथरायला लागली की जणू खडबडीत रस्त्यावर चाललीय. नशीब चांगलं म्हणून दोनदा योग्य तेल बदलून ती सुधारली. दोनदा कशाला? तळाचा बोल्ट उघडला तरी साधारण निम्मंच तेल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. त्यामुळे बदलायचं, काही दिवस चालवायचं आणि पुन्हा बदलायचं, ही सरळ पद्धत.

मशिन लावून सगळं तेल एका दमात बदलून देणारेही असतात. तेल वेळच्या वेळी बदललेल्या गाडीला ते चालतं. कधीच न बदललेल्या, करपलेल्या गाडीला मी तरी तसं करणार नाही. आतला गाळ सुटून बारीक भोकांत अडकायचा धोका असतो. आणि बाटलीतलं 'गिअर टाईट करणारं' औषध? जळालेली प्लेट कोणत्याही औषधाने परत येत नाही.

तेलानंतर फिल्टर. आणि मग ती पायरी, जी आपल्याकडे सर्रास राहते. स्कॅनर लावून संगणकाचा जुना अंदाज पुसायचा आणि ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवून त्याला नव्याने शिकवायचं. नुसत्या तेल आणि शिकवणीवर कितीतरी गाड्यांचा गिअर पुन्हा जागच्या जागी पडतो. तरी फरक पडला नाही तर सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी तपासायला सांगा. तिथपर्यंत पूर्ण बॉक्स खोलायची गरज नसते. "बॉक्स उतरवावाच लागेल" असं गाडीला हात लावायच्या आधीच म्हणणाऱ्याकडून किल्ली परत घ्या. दाब मोजलाय का आणि स्कॅनरमध्ये कोणता कोड आला, हे दोन प्रश्न विचारा. खरा कारागीर उत्तर देतो, दुसरा चिडतो.

एक गंमत अशी की कधी कधी गिअरबॉक्स निर्दोष असतो. इंजिनचं माउंटिंग फाटलेलं असतं आणि धक्का तिथून येतो. बॅटरी मरायला टेकली असेल किंवा अर्थिंगची वायर सडली असेल, तरी सोलेनॉइड वेड्यासारखे वागतात. या स्वस्त गोष्टी आधी बघायच्या.

संगणकाचा प्रोग्राम बदलून शिफ्ट कडक करून देणारे शहरात आहेत. डीसीटी गाड्यांत हा प्रकार जास्त चालतो. वॉरंटी असलेल्या गाडीला हात लावू नका, दावा नाकारला जाऊ शकतो. आणि झिजलेल्या प्लेटांवर प्रोग्राम टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

तापू देऊ नका

कडक शिफ्टपेक्षा जास्त फायदा थंड तेलाचा आहे. मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा असा की तेल ऐंशी अंशांच्या आसपास राहिलं तर बरीच वर्षं टिकतं आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी, पाचटाचा भुगा, कापसाचे तंतू अडकतात. इंजिन थंड असताना मागून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारून ती जाळी साफ करा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीची पानं दुमडतात. नेहमी घाटातून वजन नेत असाल तर रेडिएटरनंतर जोडायचा एक वेगळा छोटा ऑईल कूलर बसवून घेता येतो. शिफ्ट किटला घालवायचे पैसे तिथे घाला.

आंबोली, माळशेज, वरंधा अशा घाटात चढताना संगणक सारखा वरचा-खालचा गिअर करतो आणि प्रत्येक बदल म्हणजे थोडी घसरण. दांडा 'एम' मध्ये टाकून एकाच खालच्या गिअरला धरा. उतरतानाही तसंच, ब्रेक वाचतात. उतारावर 'एन' मध्ये डिझेल वाचवायची हौस करू नका. आणि मोबाईलवर बघून ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण द्यायची चाचणी अंगणात करू नका, काही सेकंदांत तेल उकळायच्या बेतात येतं.

टोचन करताना

गावात गाडी बंद पडली की पहिला फोन ट्रॅक्टरवाल्याला जातो. टॉर्क कन्व्हर्टर गाडीला हेच महागात पडतं. गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग तेलावाचून कोरडे घासतायत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्या. सगळ्यात चांगलं म्हणजे पूर्ण गाडी उचलून नेणारी क्रेन किंवा टेम्पो. चिखलातून चार हात बाहेर ओढायला हरकत नाही, तालुक्यापर्यंत नको. ढकलून चालू करायचा प्रयत्नही फुकट, या गाड्या तशा चालू होत नाहीत.

उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, मग ब्रेक सोडून गाडी त्याच्यावर टेकू द्या आणि मग 'पी' ला टाका. नाहीतर सगळं वजन आतल्या बोटाएवढ्या खिट्टीवर येतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'डी' वरून 'आर' ला नेणं हेही तसंच, एक-दोनदा खपतं, रोज नाही.

जुनी ऑटोमॅटिक घ्यायला जाल तेव्हा

गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा, कारण बरेच दोष पहिल्या पाच मिनिटांत किंवा अर्ध्या तासानंतर दिसतात, मधल्या वेळात नाही. ब्रेक दाबून 'एन' मधून 'डी' ला टाका. एक-दीड सेकंदात हलका ठोका जाणवला पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही किंवा धाडकन आवाज आला तर विचार करा. 'आर' लाही तसंच बघा. मग गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. गिअर पडताना आरपीएम खाली यायला हवा. पडायच्या आधी तो वर उसळला तर प्लेट घसरतेय. चाळीस ते साठच्या मधे एकसारखी थरथर आली तर कन्व्हर्टर किंवा तेल संशयास्पद. अर्धा तास चालवून, शक्य असेल तर एखादी चढण चढून, हे सगळं पुन्हा करा.

शेवटी गिअरबॉक्स ऑईल कधी बदललं त्याचं बिल मागा. ते नसेल तर ऑईल, फिल्टर आणि स्कॅनरच्या शिकवणीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.